सोमवार-गुरुवारची गाडी

"वीस मोज," नाना म्हणाले. "मनात नको. मला ऐकू येऊ दे."

मी इंजिन तापवणाऱ्या हीटरचं बटण दाबून धरलं आणि मोजायला लागले. डॅशबोर्डवरचा बारका तांबडा दिवा लागला होता. वीस झाल्यावर किल्ली फिरवली. इंजिन जड आवाजात पाच-सहा वेळा फिरलं, मागून पांढरा धूर निघाला आणि पुन्हा सगळं गप्प.

"परत."

मी परत मोजलं. परत किल्ली फिरवली. चौथ्या वेळेला इंजिन फिरताना कण्हल्यासारखं वाजलं आणि पाचव्या वेळेला नुसतंच टकटक झालं.

"सोड आता," नाना ओट्यावरच्या खुर्चीतून म्हणाले. "बॅटरी बसली."

सकाळचे पावणेसहा झाले होते. सोमवार होता. निफाडकडच्या थंडीची ज्यांना सवय नाही त्यांना सांगून पटत नाही, पण त्या जानेवारीत पारा चारावर उतरला होता. आजूबाजूच्या द्राक्षबागांत लोकांनी शेकोट्या पेटवल्या होत्या आणि तो धूर आमच्या अंगणापर्यंत येऊन जमिनीलगत थांबला होता. माझी बोटं किल्लीवरून सुटत नव्हती. मी काचेतून नानांकडे बघितलं. माकडटोपी, त्यावर मफलर, अंगावर घोंगडी, मांडीवर दवाखान्याची पिशवी. सात वाजता त्यांना नाशिकला डायलिसिसच्या खुर्चीत असायला हवं होतं.

आता त्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली.

नाना म्हणजे माझे सासरे, पुंजाजी रायते. एसटीच्या डेपोत छत्तीस वर्षं मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ही डिझेल गाडी घेतली, तेव्हाच ती अकरा वर्षांची होती. ती कधी गॅरेजला गेली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये नानाच तिचं सगळं करायचे. थंडी पडली की त्यांची ठरलेली कामं असायची. रात्री बॅटरी काढून घरात आणायची, बॉनेटवर गोणपाट टाकायचं, ऑइल बदलायचं, गाडीचं तोंड पूर्वेला करून लावायचं म्हणजे पहिलं ऊन इंजिनवर येतं. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. गावात तेव्हा गाडी चालवणारी बाई मी एकटीच होते.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा वसतिगृहात शिकायला होता. माझे यजमान विलास मनमाडला रेल्वेत होते, ते शनिवारी संध्याकाळी यायचे आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत जायचे. आदल्या जूनमध्ये नानांच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं आणि तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी नाशिकला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. सात महिने एकही वार चुकला नव्हता. मग त्या जानेवारीतल्या गुरुवारी गाडी पहिल्यांदा चालू झाली नाही. शेजारच्या सोमनाथच्या पिकअपमधून आम्ही उशिरा पोचलो आणि चाराऐवजी दोनच तास मिळाले. त्यानंतरचा हा सोमवार. सोमनाथ पहाटेच माल घेऊन गेला होता. मी नऊ वाजता कुठून तरी एक जीप मिळवली आणि आधी दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "आता मशिन दुसऱ्या पेशंटला लावलंय हो. आज सगळं भरलंय. पाणी कमी द्या आणि गुरुवारी वेळेवर आणा. दम लागला तर मात्र तसेच इमर्जन्सीला या."

संध्याकाळी विलासचा फोन आला. मी झालं ते सांगितलं.

"कुंदा, आठवड्यातून दोनदा एक गाडी चालू करायची," ते म्हणाले. "तेवढंही जमत नाही का तुला?"

"थंडी फार आहे."

"थंडी दरवर्षी असते. नाना करायचे तेव्हा कधी बंद पडली होती? आता त्यांच्या जिवावर बेतलं तर काय सांगायचं लोकांना, गाडी चालू झाली नाही म्हणून?"

नाना पलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. विलासचा आवाज मोठा, त्यांना ऐकू गेला असणार.

मंगळवारी त्यांच्या पावलांवर सूज आली. ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना ते मधेच थांबले आणि खांबाला धरून उभे राहिले. तालुक्याच्या मेकॅनिकला निरोप पाठवला होता, पण द्राक्षांचा हंगाम, सगळे ट्रॅक्टरच्या कामात अडकलेले. तो दोन दिवस यायचा नव्हता. मी शेडमध्ये गेले, पान्यांची पेटी उचलून आणली आणि नानांच्या खुर्चीपुढे ठेवली.

"मला शिकवा," मी म्हटलं. "सगळं."

"हात काळे होतील."

"होऊ देत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "खुर्ची तिकडं घे," ते म्हणाले.

त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत ते खुर्चीत बसून सांगत होते आणि मी करत होते. बॅटरी रात्रभर चार्जरला लावून भरली होती. तिच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली होती, ती गरम पाण्याने धुतली, पॉलिश पेपरने घासली, वर व्हॅसलिन लावलं. डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून खाली साठलेलं पाणी काढलं. मग त्यांनी मला एअर काढायला शिकवलं. डिझेलच्या पाइपात हवा अडकली की इंजिन उपाशी राहतं, म्हणून हातपंप मारत राहायचं आणि वरच्या नटातून फेस यायचा थांबून नितळ डिझेल येईपर्यंत थांबायचं.

"फेस संपला?"

"संपला वाटतं."

"वाटतं नाही. बघून सांग."

मी वाकून बघितलं. "अजून येतोय."

"मग मार अजून पंप. गाडीशी अंदाजाने बोलायचं नाही."

खूप दिवसांनी त्यांचा आवाज मला असा खणखणीत वाटला. हातांच्या खुणा करून ते सांगत होते. डावा हात डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलामुळे सुजलेला, तरी तो हवेत पाना फिरवत होता. दोन वाजता ऊन चांगलं तापल्यावर मी किल्ली फिरवली. इंजिन थोडं रडलं आणि चालू झालं. मी काच खाली करून हसले. नानाही हसले, पण लगेच घोंगडी सारखी करायला लागले.

बुधवारी सकाळी सहाला मी मुद्दाम उठून गाडी चालू करून बघितली. दुसऱ्या दिवसाची खात्री हवी होती. वीस मोजले, तीस मोजले. पांढरा धूर आला आणि बाकी काही नाही. बॅटरी बसायच्या आत मीच थांबले.

सोमनाथ त्याची पिकअप बाहेर काढत होता. तो कुंपणापाशी आला. त्या दिवशी त्याला माल घेऊन मुंबईला जायचं होतं, गुरुवारी दुपारशिवाय परत यायचा नव्हता.

"वहिनी, धूर पांढरा येतोय म्हणजे डिझेल पोचतंय," तो म्हणाला. "नुसतं पेटत नाहीये. काल दुपारी उन्हात झाली ना चालू? मग हीटर तापत नसणार."

"दिवा तर लागतो."

"दिव्याचं काय, दिवा बटणापाशी लागतो. पुढं इंजिनात करंट पोचतो का ते बघा. नानांना विचारा, त्यांना डोळे मिटून सापडेल."

मी आत जाऊन विचारलं.

"हीटर नवे आहेत," नाना म्हणाले. "दिवाळीत मीच बदललेत. तिकडं हात लावू नको."

"नुसतं बघते."

"सांगितलं ना, नको म्हणून. हीटरचा प्लग तुटून आत राहिला तर इंजिनचं हेड खोलावं लागेल."

इतकं तोडून ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी विषय सोडला. दुपारी ते झोपल्यावर शेडमध्ये गेले आणि बॉनेट उघडलं.

चार हीटर इंजिनच्या कुशीत एका ओळीत बसवलेले होते आणि एका पितळी पट्टीने जोडलेले होते. पट्टीच्या टोकाला जाड वायर नटाने आवळलेली होती. नट घट्ट होता. मी दहाचा पाना लावून तो सोडवला. खाली लोखंडी वायसर असायला हवा होता, तिथे रबराची चकती निघाली. वायरीच्या टोकाची कडी बाहेर काढली तर तिच्याखालीही तशीच चकती. आणि मधल्या स्क्रूवर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी चढवलेली होती. वरून बघणाऱ्याला वायर नीट बसलेली दिसत होती, पण ती धातूला कुठेच टेकत नव्हती.

चकत्या मी हातावर घेतल्या. जुन्या ट्यूबमधून कापलेल्या, दोन्ही एकसारख्या गोल, मधली भोकं बरोब्बर मध्यावर. कड कुठे फाटलेली नव्हती. आमच्या गावात इतकं सफाईदार काम करणारा एकच माणूस होता.

मी तिथेच पान्यांच्या पेटीवर बसले. किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. मग उठून रबर काढून टाकलं, कडी पट्टीवर टेकवली, नट आवळला. हात धुतले आणि भाकऱ्या करायला घेतल्या. संध्याकाळी नानांना त्यांचं मापाचं पाणी दिलं.

गुरुवारी पावणेसहाला ते तयार होऊन खुर्चीत येऊन बसले. मी बटण दाबलं. या वेळी त्यांनी मोज म्हटलं नाही. मी मनातच मोजलं आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

मी उतरून त्यांना हात दिला. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने गाडीत बसले.

नदीचा पूल मागे पडला. धुकं होतं, मी सावकाश चालवत होते.

"कधी काढलंस?" त्यांनी विचारलं.

"काल दुपारी."

"नट नीट आवळलास ना? ढिला राहिला तर ठिणगी पडते."

"आवळला."

थोडा वेळ ते काचेवरचं दव बोटाने पुसत राहिले.

"विलासला मी दिवाळीत सांगितलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, बास झालं आता. आठवड्याचे दोन दिवस त्या खुर्चीत जातात, दोन दिवस त्यातून उठण्यात जातात. पोटभर पाणी प्यायला मिळत नाही. सगळ्या शिवारात द्राक्ष लागलंय आणि मला एक मणी तोंडात टाकता येत नाही. पुढं बरा होणार असतो तर केलं असतं. डॉक्टर तसं म्हणत नाहीत."

"मग ते काय म्हणाले?"

"रडला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, माझ्या पायाशी बसून रडला. म्हणाला, मी तुम्हाला मरू दिलं असं होईल. त्याला पुन्हा कसं सांगायचं?" त्यांनी घोंगडी खांद्यावर ओढली. "गाडी चालू झाली नाही तर त्यात कुणाचा दोष नसतो. थंडी पडली, जुनी गाडी, नाही झाली चालू. माणूस म्हणतो, नशीब. त्याला आयुष्यभर वाटायला नको, आपण काही कमी केलं म्हणून."

मी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

"नाना, गाडी मी चालवते," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघायला लागले.

"सोमवारी फोन तुम्ही ऐकलात. तुम्हाला काही झालं असतं तर ते नशीब कुणी म्हटलं नसतं. कुंदाला गाडी चालू करता आली नाही म्हणाले असते. त्यांनी म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं. मी परवा दिवसभर तुमच्यासमोर वाकून पंप मारत होते. तुम्ही मला सांगत होता, फेस बघ. आणि तुम्हाला माहीत होतं, त्याने काही व्हायचं नाही."

त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला.

"शिकवताना मी विसरूनच गेलो होतो," ते म्हणाले. "खरं सांगतो. ती चालू झाली तेव्हा मला बरंच वाटलं."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी गिअर टाकला.

"तुमचं बाकीचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही," मी म्हटलं. "पण ते तुम्ही तोंडाने सांगा. रविवारी सांगा. मी शेजारी बसते. रबराचं मी कुणाला सांगणार नाही."

त्यांनी मान हलवली. सात वाजायला पाच मिनिटं असताना आम्ही दवाखान्यात पोचलो.

रविवारी जेवणं झाल्यावर नानांनी विलासला समोर बसवलं. मी ठरल्याप्रमाणे शेजारी बसले. मला वाटलं होतं, ते डायलिसिसपासून सुरुवात करतील.

"दोन वेळा गाडी बंद राहिली ती मी ठेवली होती," ते म्हणाले. "हीटरच्या वायरीत रबर घातलं होतं. कुंदाचा काही दोष नव्हता. तिने सगळं बरोबर केलं, आणि खोड शेवटी तिनेच शोधून काढली."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या एकाही गाडीची परत तक्रार आली नव्हती, असं ते अभिमानाने सांगायचे. आपण गाडी बिघडवली हे त्यांनी मुलासमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

विलास आधी काही समजल्यासारखे दिसले नाहीत. मग त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हाला मरायचंय, नाना?"

"मरायचं नाही रे. मला हे नकोय. दोन्ही एक नाही."

"माझ्याशी बोलायचं होतं."

"बोललो होतो."

विलास उठून बाहेर गेले. मी दारातून बघितलं तर ते शेडमध्ये बॉनेट उघडून उभे होते, हात न लावता, नुसते बघत. अर्ध्या तासाने आत आले आणि माझ्याशेजारी बसले.

"सोमवारी फोनवर मी जे बोललो..." ते मला म्हणाले.

"राहू द्या."

मग ते नानांकडे वळले. "डॉक्टरांशी आपण तिघं बोलू. काय होतं, किती दिवस, त्रास किती, सगळं विचारू. तोवर तरी चला."

"थंडी सरेपर्यंत येतो," नाना म्हणाले. "असल्या गारठ्यात माझ्या नावाने लोकांना अंघोळी कशाला करायला लावायच्या."

विलास हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर टॉवेल धरला.

डॉक्टरांशी बोललो. त्यांनी काही लपवलं नाही आणि भीतीही घातली नाही. त्यानंतर दोन महिने नाना स्वतःहून येत राहिले. विलास रजा काढून चार-पाच वेळा बरोबर आले. येता-जाता बापलेक डेपोच्या, मनमाडच्या यार्डाच्या गप्पा मारायचे, इतक्या की मला कंटाळा यायचा. हीटर कसे तपासायचे, कसे बदलायचे, तेही नानांनी मला शिकवलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ऊन तापायला लागलं. शेवटच्या गुरुवारी मी गाडी चालू करून उतरले, तर नाना ओट्यावर धोतर-बंडीवर बसले होते. पिशवी त्यांनी आणली नव्हती.

"आज राहू दे," ते म्हणाले.

मी वाट बघितली, ते आणखी काही म्हणतात का म्हणून. मी गाडी बंद केली.

त्यानंतर ते अकरा दिवस होते. विलास तेवढे दिवस घरीच राहिले. पण त्या गुरुवारी सकाळी, विलास येण्याआधी, आम्ही दोघंच होतो. मी त्यांना तांब्या भरून पाणी दिलं. साडेसातला फोन वाजला. दवाखान्यातल्या सिस्टर होत्या.

"रायते पेशंट आले नाहीत अजून. गाडी बंद पडली का परत?"

"नाही," मी म्हटलं. "गाडी चालू आहे. ते येणार नाहीत आता. डॉक्टरांना माहीत आहे."

मागे मशिनींचा आवाज येत होता.

"मग त्यांची वेळ दुसऱ्याला देऊ का?" त्यांनी हळूच विचारलं. "एक सिन्नरचा पेशंट आहे, दीड महिना झाला थांबलाय. कायमची द्यावी लागेल पण."

मी हात फोनवर ठेवून दाराबाहेर बघितलं. नाना उन्हात पाय पसरून बसले होते.

"नाना, तुमची वेळ दुसऱ्याला देऊ का विचारतायत."

"कुणाला?"

"सिन्नरचा कुणी आहे."

"लांबून यावं लागेल त्याला," नाना म्हणाले. "दे म्हणावं."

"द्या," मी सिस्टरांना म्हटलं.